खिम्याच्या पाकिटावर सरकारी शिक्का होता

"हर किडनीज आर शटिंग डाउन," असं मोठ्या डॉक्टर बाई म्हणाल्या आणि मी नवऱ्याच्या, सचिनच्या तोंडाकडं बघितलं, कारण आमच्यात इंग्रजी कळलं तर त्याला कळणार. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मग माझ्या लक्षात आलं की मलाही बरोबरच कळलंय, पोरीच्या किडन्या बंद पडत चालल्यात.

माझी मनू तीन वर्षांची आहे. त्या सकाळपर्यंत मी पोट बिघडलंय एवढंच धरून चालले होते.

आजाराचं नाव हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, हॉस्पिटलात सगळे एचयूएस म्हणतात. मी बारावी नापास आहे, मला जसं समजलं तसं सांगते. ई. कोलाय नावाचा जंतू असतो, त्यातली एक जात वाईट. ती पोटात विष सोडते, विष रक्तात उतरतं, रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि तो सगळा चुरा किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतो. मग शू होत नाही. शू झाली नाही की अंगातली घाण अंगातच. लहान मुलांना जास्त होतं म्हणे.

आधी नुसता मुरडा होता. मग जुलाब, मग जुलाबात रक्त. मला वाटलं बीट खाल्लं असेल, पण घरात बीट आणलंच नव्हतं. क्लिनिकमध्ये म्हणाले व्हायरस दिसतोय, पाणी पाजत राहा. सचिन भारतातून आणलेलं जुलाब थांबवायचं औषध काढत होता, तेवढ्यात शैलाकाकूंचा फोन आला. काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, इथं अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात त्यांची हयात गेली. त्या म्हणाल्या रक्त पडतंय तर घरचं काही देऊ नका. नंतर डॉक्टरही म्हणाल्या की नाही दिलं ते चांगलं केलं, अशा जुलाबाला ते औषध घातक ठरतं.

मग जुलाब कमी झाले आणि मी खूश झाले. देवाला साखर ठेवली. पण मनू मेणासारखी दिसायला लागली, हाक मारली तर नुसती बघायची. जुलाबामुळं परत डायपर लावला होता, तो सकाळी कोरडा, दुपारी कोरडा. बायांनो, एवढं लक्षात ठेवा. जुलाब थांबले म्हणजे पोर बरं झालं असं नाही. शू बघा.

हॉस्पिटलात तिला रक्त चढवलं. पोटाला भोक पाडून नळी घातली, तिच्यातून पाणी आत सोडायचं आणि घाण घेऊन ते बाहेर काढायचं, त्याला डायलिसिस म्हणतात. मला वाटायचं डायलिसिस म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं. तिचं पोट केवढंसं, त्यावर ती नळी, आणि ती मला म्हणते, "मम्मा, टेक इट ऑफ." मी मुंडी हलवून नाही म्हणाले.

तिथंच आरोग्य खात्याच्या बाईंचा फोन आला. असा जंतू सापडला की हॉस्पिटलला त्यांना कळवावंच लागतं. त्या गेल्या आठवड्यात घरात काय काय खाल्लं विचारायला लागल्या. सचिननं फोन स्पीकरवर ठेवला, मी सांगत गेले, वरणभात, दही, द्राक्षं, खिमा. खिमा कसला? लॅम्बचा, दुकानातलं फ्रीजरमधलं पाकीट. कच्चा राहिला होता का? मी म्हणाले छे, कुकरला चांगल्या शिट्ट्या दिल्या, आधी स्वच्छ धुतलासुद्धा.

त्यांनी मला तिथंच थांबवलं. मग त्या म्हणाल्या, "यू वॉश ग्राउंड मीट?"

आमच्याकडं धुतल्याशिवाय मटण गॅसवर चढत नाही. खिमा असला तर चाळणीत घ्यायचा, नळाखाली धरायचा, लाल पाणी जाईपर्यंत. माझी आई तसंच करते, सासूबाई तसंच करतात. मग ती चाळणी मी पाण्यानं खळबळली आणि तिच्यातच मनूची द्राक्षं धुतली. खिमा आम्ही दोघांनीच खाल्ला, तिखट होता. तिनं द्राक्षं खाल्ली.

मी तिथंच खाली बसले. त्याच संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, सगळं ऐकून म्हणाल्या, तू नीट धुतलं नसशील गं, तुझी घाईच असते. मला हसू आलं की रडू ते कळेना.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होती, अदिती. जन्म इथलाच, मराठी फक्त आईकडून शिकलेली, म्हणून लहानथोर सगळ्यांना तू म्हणायची. सचिनलाही. मी तिला सांगितलं की मीच माझ्या पोरीला हे चारलं. ती माझ्या शेजारी बसली.

"तू रडू नको. तू धुतलं, म्हणून पसरलं. पण जंतू तू नाही आणला. तो पाकिटात होता."

मी म्हणाले पाकिटात कसा असेल, पाकिटावर गोल सरकारी शिक्का होता, मी बघून घेतलं होतं. गावाकडं माणूस खाटकाचं तोंड बघून मटण घेतो, इथं मी शिक्का बघून घ्यायचे, अमेरिकेत सरकार बघतंय म्हटल्यावर आपण कशाला बघायचं. तेव्हा तिनं सांगितलं की इन्स्पेक्टर कापलेलं जनावर डोळ्यांनी बघतो. जंतू डोळ्यांना दिसत नाही. जनावराच्या आतड्यात, कातड्यावर असतो, कापताना मांसाला लागतो, आणि खिमा करताना एकाचं दहा पाकिटांत जातं. बीफच्या खिम्यात हा जंतू सापडला तर तो माल विकता येत नाही, तसा कायदा आहे, म्हणून तिथं तपासतात. लॅम्बला तो कायदा लावलेला नाही.

मी विचारलं का नाही. ती म्हणाली, "ते मला नाही माहीत. पॉलिटिक्स."

आमच्या फ्रीजरमध्ये तशीच दोन पाकिटं उरली होती. आरोग्य खात्यानं नेली, तपासली, तोच जंतू निघाला. मी म्हणाले आता दुकानं लगेच सगळी पाकिटं काढतील. सचिन बघायला गेला तर फ्रीजर भरलेला. मॅनेजर म्हणाला मला वरून काही आलेलं नाही. आरोग्य खात्याला फोन केले तेव्हा कळलं की माल परत बोलवायचा ते कंपनीनं ठरवायचं, सरकार फक्त सांगू शकतं की बोलवा. मला वाटलं सचिनची ऐकण्यात चूक झाली. मी म्हणाले परत विचार. तेच होतं.

माझा नवरा भांडणारा माणूस नाही. आपण व्हिसावर आहोत, कुठं सही करू नकोस, कुठं बोलू नकोस, हे तो मला आल्या दिवसापासून सांगत आलाय. त्या दिवशी त्यानं फ्रीजरमधली सगळी पाकिटं कार्टमध्ये भरली आणि कार्ट धरून तिथंच उभा राहिला. एक आपल्याकडच्या मावशी आल्या, म्हणाल्या, "काय हो, लग्नबिग्न आहे का घरात? एक तरी ठेवा आम्हाला." त्यानं मनूचं सांगितलं. मावशींनी आपली पर्स त्याच्या कार्टवर ठेवली आणि त्याही उभ्या राहिल्या. शेवटी मॅनेजरनं कार्ट आत नेली. कंपनीनं माल परत बोलवला तो त्याच्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

मनूचं डायलिसिस चालूच होतं. डॉक्टर रोज म्हणायच्या वाट बघू, किडन्या एकतर जाग्या होतील नाहीतर नाही. मग एकदा नर्सबाई डायपर हातात तोलत म्हणाल्या, हे जड लागतंय. मी हिसकावूनच घेतला. ओला होता, चमचाभर असेल. मी ती शू हातानं चाचपली आणि नर्सबाईंच्या गळ्यात पडले. पुढं हळूहळू वाढत गेली, नळी निघाली, आम्ही घरी आलो. वर्षानुवर्षं तपासण्या आहेत, बीपी, लघवी. किडनी पुढं कशी चालेल ते आत्ता कुणी सांगत नाही.

नंतर शैलाकाकू मला लायब्ररीत घेऊन गेल्या, आमच्या भागातले निवडून आलेले साहेब लोकांना भेटणार होते. बातम्यांत चाललं होतं की इन्स्पेक्टर कमी करायचे, कत्तलखान्यातल्या जनावरं कापायच्या लायनी आणखी जोरात पळवायच्या. सचिननं जा किंवा जाऊ नको काहीच म्हटलं नाही, नुसता मनूला कडेवर घेऊन बरोबर आला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की बीफ तपासता तर लॅम्ब का नाही, आणि माल विषारी निघाला तर तुम्ही हुकूम का देत नाही. साहेब चांगलं बोलले, लांब बोलले. मग त्यांच्या एका माणसानं माझं नाव लिहून घेताना विचारलं, तुम्ही इथल्या मतदार का?

मी म्हणाले, "नाही. ही आहे." आणि मनूकडं बोट केलं. तिचा जन्म इथला आहे, म्हणजे ती इथली नागरिक. अठराची झाली की मत देणार.

तो हसला. मी नाही हसले. अठराची होणार हे मला आता नुसतं म्हणता येत नाही, मोठ्यानं म्हणून बघावं लागतं. अदितीचे, त्या नर्सबाईंचे, रक्त देऊन गेलेल्या अनोळखी माणसाचे उपकार आहेत म्हणून म्हणता तरी येतंय. त्यानं मनूचं नाव लिहून घेतलं. स्पेलिंग मी सांगितलं.