ओला साचा

मुलगा परसात चुलीवर शिसं वितळवतोय. मासे धरायच्या जाळ्याची वजनं तो हौसेनं घरीच ओततो. ओतण्याआधी साचा मात्र विस्तवाशेजारी ठेवून चांगला शेकून घेतो, कारण आत पाण्याचा थेंब जरी राहिला तरी तापलेलं शिसं उसळून अंगावर येतं.

नव्या नवरीला, म्हणजे मला, आमच्या ह्यांनी हेच सांगितलं होतं. पण ऐकेल ती मी कसली. मी ओल्या साच्यात बेधडक ओतलं आणि शिशाचा थेंब उडून ह्यांच्या पायावर पडला. वर मीच विचारलं, "पाय मध्ये कशाला ठेवलात?" डाग त्यांच्याकडे राहिला, तोरा माझ्याकडे.

बोलण्यातही माझं तेच. समोरचं माणूस नुकतंच रडलंय का, हे न बघता मी खरं ते ओतून मोकळी व्हायची.

काल लेक नवऱ्याशी भांडून, बॅग घेऊन आली. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे.

"आई, तू काहीच कशी बोलत नाहीस?" तिनं मघाशी विचारलं.

"बोलेन गं. आधी जेव, झोप काढ."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.