नलूचं इरलं

फोन भागाबाईंचा होता. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाच्या वर, डोंगरातल्या वाडीवर त्या राहतात. तिथे रेंज धड मिळत नाही, त्यामुळे त्या आपणहून कधी फोन करत नाहीत. मी मुंबईत आमच्या वर्कशॉपमध्ये कटिंगच्या टेबलाशी उभी होते. "माधवीताय, नलूताय गेली गो..." एवढंच त्या म्हणाल्या. कुठे गेली, असं मी विचारलंसुद्धा. पलीकडून रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे मला कळलं. सकाळी नाते गावातल्या तिच्या कार्यशाळेत चहा पिताना नलूच्या छातीत दुखायला लागलं होतं. महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. तिच्यावर जे छापून आलं, त्यात तिला 'प्रयोगशील फर्निचर डिझायनर आणि वास्तुविशारद' म्हटलंय. माझ्यासाठी ती महाडच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारी आणि तो बाक सारखा तिरका करून बघणारी नलू. पुढे ती आर्किटेक्ट झाली, मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये उंच इमारतींच्या लॉब्या आखू लागली आणि एक दिवस सगळं सोडून परत आली. नात्याला भाताची एक बंद गिरणी भाड्याने घेऊन तिने तिथे कार्यशाळा थाटली. लोक म्हणाले, डोकं फिरलं. तिने बनवलेल्या पहिल्याच खुर्चीवरून मी आडवी पडले होते. ती हसली नाही की तिने मला हातही दिला नाही. टेप घेऊन आली आणि मी नेमकी कुठे कलंडले ते मोजत बसली. माझं मलाच उठावं लागलं... पण पुढच्या खेपेला त्याच खुर्चीत मला झोप लागली.

मी एका कपड्यांच्या ब्रँडसाठी डिझाइन करते. आमचे मालक अनिरुद्ध यांना पावसाळी कपड्यांचं नवं कलेक्शन आणायचं होतं, आणि नव्या दुकानात ते मांडायला 'काहीतरी वेगळं' फर्निचर हवं होतं. मी नलूचं नाव सुचवलं. ती आली, आमचे रेनकोट उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "माधू, हे घालून कुणी वाकणार आहे का?" दुसऱ्याच आठवड्यात ती मला भागाबाईंच्या अंगणात घेऊन गेली. पडवीच्या वाशाला एक जुनं इरलं टांगलेलं होतं. बांबूच्या कामट्या, त्यावर पळसाची पानं. लावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. आता सगळ्यांकडे प्लॅस्टिकचा कागद आला, पण भागाबाईंना अजून इरलं विणता येत होतं. नलूने ते पाठीवर घेतलं, अंगणभर ओणवी फिरली आणि विचारलं, "हा कपडा की घर?"

"कपडा कसला गो? पाऊस लागत नाय, हात मोकळं रहतात. बास हाय की!"

तिथून आमचं काम सुरू झालं. नलूच्या डोक्यात होतं की अंगातला कोट काढून खुर्चीच्या कामट्यांवर चढवला, की त्याचंच छप्पर व्हावं. उन्हाळाभर जमत नव्हतं, कापडाला झोळ पडायचा. पाठ धरली की ती मला सव गावच्या गरम झऱ्यांवर न्यायची आणि पाण्यात पाय सोडून आम्ही तावातावाने भांडायचो. "तुझं कापड आळशी आहे," ती म्हणायची. "तुझी खुर्ची हट्टी आहे," मी म्हणायचे. शेवटी मी कोटाच्या शिवणीतच कामट्या सरकवायला जागा ठेवली आणि छप्पर ताठ उभं राहिलं. ती बराच वेळ शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आर्किटेक्ट आहेस की तू!" एवढी शाबासकी मला कुठल्याही फॅशन शोने दिली नाही.

दुकानाच्या उद्घाटनाला ती भागाबाईंना आणि आसनांच्या कामट्या विणणाऱ्या इतर बायांना जीपने घेऊन आली. आत पाहते तो प्रत्येक आसनावर पाटी, 'कृपया बसू नये'. पाहुण्यांसमोर काही मोडलं तर, ही अनिरुद्ध यांची धास्ती. नलूने आवाज चढवला नाही. एकेक पाटी उचलली, सगळ्या त्यांच्या हातात दिल्या. "बसायचं नसेल तर मी हे सगळं आत्ताच परत नेते."

पाहुणे बघत होते. अनिरुद्ध यांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरीचा विचार मनात आला, नाही असं नाही... पण मी म्हटलं, "तिचं बरोबर आहे." तेवढ्यात भागाबाईंनी नलूला विचारलं, "बसू काय गो?" आणि उत्तराची वाट न बघता चपला काढून, पाय वर घेऊन त्या बसल्यासुद्धा. शेजारी रेशमी साडीतल्या एक बाई उभ्या होत्या. "येवा, दोघींपुरती जागा हाय," म्हणत त्यांचा हात धरून त्यांनाही बसवलं. मग काय, एकही आसन रिकामं राहिलं नाही. सर्वांत शेवटी, जरा अवघडून, अनिरुद्ध बसले. काहीच मोडलं नाही.

त्यांना हे सगळं इतर शहरांतल्या दुकानांसाठीही हवं होतं. नलूने सांगितलं, आधी कापड्याचा एसटी थांबा. तिथे बायका उन्हापावसात उभ्या राहायच्या. टेकायला दगडसुद्धा नव्हता. छप्पर आणि बाक एकाच वळणात, मोठ्या इरल्यासारखं, असं तिने आखलं आणि वरचं जाड कापड आमच्याकडून हट्टाने मागून घेतलं. सांगाडा उभा राहिला, आणि ती गेली. उरलेलं विणकाम भागाबाई आणि त्यांच्या बायांनी केलं. कापड मी तिथेच रस्त्याकडेला बसून हाताने शिवलं.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. दुपारी त्या बाकावर एकटीच बसले होते. डोंगरातून एक बाई उतरून आली. तिने छपराकडे पाहिलं नाही की बाकाकडे. "सरक गो जरा," म्हणाली, पिशवी खाली ठेवली, पाठ टेकली आणि डोळे मिटले. एसटी आल्यावर तिने डोळे उघडले, पदर सारखा केला आणि निघून गेली. मला त्याच गाडीने जायचं होतं... मी पुढच्या गाडीपर्यंत तिथेच बसून राहिले.