मामंजींची मिशी

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या वडिलांना मी मामंजी म्हणत असे. साठच्या दशकातली गोष्ट. मिरजेच्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला' असं सांगितलं आणि आम्ही त्यांना साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आणलं. तुमचे आजोबा फौजेत, दूर सरहद्दीवर. घरात मी आणि मामंजींची थोरली बहीण, आत्याबाई. मी सांगलीला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पहिल्याच दिवशी औषधांचं वेळापत्रक आखून भिंतीवर चिकटवलं.

एक अडचण मात्र त्यात बसेना. आमच्याकडे सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नसत. मी पेला घेऊन समोर उभी असले तरी मामंजी बहिणीला म्हणत, "आक्का, तिला म्हनावं पानी दे." आत्याबाई मला सांगत, मग मी पेला पुढे करी. अशात लेकीच्या बाळंतपणासाठी आत्याबाईंना पाटणला जावं लागलं. राहिलो आम्ही दोघं आणि मामंजींच्या पायाशी झोपणारं मांजर.

मामंजींनी सरळ मांजरालाच मध्ये घातलं. "माऊ, पानी मिळंल का गं?"

मी पदर सावरत म्हणे, "माऊ, विचार बरं, गार की कोमट?"

मांजर जांभई देई. काम चाले.

त्याच आठवड्यात कुंडलहून निरोप आला, पलटणीतला जुना दोस्त रविवारी भेटायला येतोय. मामंजी खुलले आणि लगेच गाल चाचपू लागले. फौजेत गेल्यापासून रोज दाढी करणारा माणूस. हात थरथरायला लागल्यावर गावचा न्हावी येऊन करून जाई, पण तो लग्नाला परगावी गेला होता. गालांवर पांढरी खुंटं वाढलेली. रविवारी सकाळी ते मांजराला म्हणाले, "त्यो आला की सांग, मी झोपलोय. ह्या तोंडानं न्हाई भेटायचं मला."

ही भेट चुकली तर दुसरी होणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी पाणी तापवलं, त्यांची दाढीची पेटी काढली आणि पदर कमरेला खोचला. सुनेनं सासऱ्याच्या गालाला हात लावायचा म्हणजे! त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. गाल छान झाले. मिशीची कड साफ करताना मात्र डावीकडची जरा जास्तच गेली. सारखी करावी म्हणून उजवीकडची काढली, तर आता डावी मोठी दिसायला लागली. मला मेलीला भिंतीवरची तसबीरसुद्धा तिरकी सहन होत नाही. कात्री घेतली. थोडं इकडे, थोडं तिकडे. ती झुपकेदार मिशी अखेर भुवईएवढी उरली.

आरसा हातात दिला. बराच वेळ ते बघत राहिले. कात्री अजून माझ्या हातातच होती. मग त्यांनी मान वळवली आणि मांजराकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, कात्री ठेव खाली. न्हाईतर आता नाक जाईल."

मला हसू आवरेना. तेही खोकला येईपर्यंत हसले.

दुपारी दोस्त आले ते दारातच थबकले. "आरं गड्या, मिशी कुठं गेली?"

"पेन्शनीत निघाली. तू दाढी बघ की. हात फिरवून बघ. सुनंनं केलीय माझ्या. बी.ए. हाय ती!"

दोस्तांनी खरंच हात फिरवला. "लय गुळगुळीत हाय रं," म्हणाले. मग दोघं संध्याकाळपर्यंत चहा पीत जुन्या साहेबांच्या नकला करत बसले.

न्हावी गावी परतला, तेव्हा मामंजींनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. "आमचं मानूस हाय घरात." पुढे महिनाभर, ते होते तोवर, रोज सकाळी मीच दाढी केली. शेवटच्या दिवशी बोलायची ताकद नव्हती. त्यांनी जबड्याखाली बोट टेकवून राहिलेली जागा दाखवली. मी पुन्हा साबण लावला.