हिरवा बांध

अगं ये, अशी जवळ बस. किती दिवसांनी तोंड दाखवतेस! पण त्या वाकळीचं कौतुक नको करूस बाई, मला लाज वाटते.

मंगळवार पेठेत आमच्या दारात एक बाई वाकळ शिवायला बसायची. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. माझ्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडता जोडता तिनं मधनंच खणाची हिरवी पट्टी लावली. म्हणाली, "आक्का, वाकळ म्हंजे तुकड्यांचं शेतच, आन् शेत म्हटलं की बांध दिसाय पायजे की!" आठ दिवस चहा पीत आम्ही दोघी नुसत्या खिदळत होतो.

वाकळ पुरी झाली त्या दिवशी माझ्या मैत्रिणी आल्या. "अय्या, ही हिरवी पट्टी कुणाला सुचली गं?"

मी पटकन बोलून गेले, "मलाच की."

ती तिथंच सुया गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय, आक्कांचंच हाय. माझी नुसती सुई."

त्यानंतर ती आमच्या बोळात फिरकली नाही. मी शोधायला गेले, तर लोक विचारतात, "नाव काय तिचं?" आठ दिवस चहा पाजला, पण नाव मी विचारलंच नव्हतं.

तू परत लवकर ये. वाटेत वाकळ शिवणारी कुणी दिसली तर हिरव्या बांधाचं विचार, आणि ती असली तर तिलाही घेऊन ये.