नीलिमाताई आणि न बदललेला एक कॉम्प्युटर

नीलिमाताई सबनीस यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका अडलेल्या प्रिंटरसमोर. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पॅकेजिंग कंपनीत मी खरेदी विभागात नुकताच रुजू झालो होतो. माझा प्रिंटर सकाळी सुरळीत चालायचा आणि दुपार झाली की कागद अडकवायचा. आयटीतून कोणीतरी येईल, झाकण उघडून कागद ओढून काढेल, एवढीच माझी अपेक्षा होती. ताई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मलाच विचारलं, "दुपारी इथे असं काय होतं हो, जे सकाळी होत नाही?"

मी आठवून म्हणालो, "दुपारी माल भरायला गोदामाचं दार उघडतात."

ताईंचा चेहरा उजळला. समुद्रावरची दमट हवा आत यायची, ट्रेमधला कागद ओल धरून वळायचा. प्रिंटर आतल्या भिंतीशी हलवला आणि तक्रार मिटली. "बिचाऱ्याला उगाच शिव्या बसत होत्या," एवढंच म्हणून त्या गेल्या.

ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त इथल्या आपल्या मराठी मंडळाने अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या पदांची आणि पारितोषिकांची यादी इतर जण देतील असं मी ठरवलं. मला सांगायची आहे ती आमच्या ऑफिसात नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली तेव्हाची हकीकत.

जुन्या सिस्टिमला बनवणाऱ्यांकडून मिळणारी मदत बंद होणार होती, म्हणून सगळे कॉम्प्युटर ठरावीक मुदतीत बदलायचा हुकूम हेड ऑफिसातून आला. कंत्राटदाराचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, वीकेंडला अपडेट मारतो. खलास!" ताईंनी त्याला थांबवलं. पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर केला. मग त्या प्रत्येकाच्या शेजारी जाऊन बसू लागल्या. कोण काय उघडतं, कुठे छापतं, कशाला वैतागतं, हे सगळं त्या बघत. काही जुने प्रिंटर नव्या सिस्टिमशी बोलूच शकणार नव्हते. ते काढून मजल्यावर एकच मोठा प्रिंटर ठेवायचा होता.

असाच एक जुना प्रिंटर शिपिंगची कागदपत्रं करणाऱ्या रशीदभाईंच्या टेबलावर होता. रशीदभाई लाहोरचे, कंपनीतले सर्वांत जुने. आलेली प्रत्येक ईमेल ते आधी छापत आणि मग वाचत. यावरून त्यांची थट्टा व्हायची. ताईंनी मात्र छापलेला कागद हातात घेऊन पाहिला. अक्षरं चांगली ठसठशीत मोठी होती.

"रशीदभाई, आप स्क्रीन पे क्यों नहीं पढ़ते?"

"आदत है, मॅडम."

उत्तर ताईंना पटलं नाही. पुढचे काही दिवस त्या काही ना काही निमित्ताने तिथे जात राहिल्या. रशीदभाई समोर न बघता मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, हे त्यांच्या लक्षात आलं. एका दुपारी चहा घेताना त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "बीच का दिखता नहीं क्या?"

रशीदभाईंनी कप खाली ठेवला. "किसी को मत बताइए, मॅडम. नौकरी गई तो विज़ा गया. बेटी का कॉलेज यहीं है."

ताईंनी शब्द दिला. नव्या सिस्टिममध्ये स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज होता. तो कसा चालतो हे कळावं म्हणून त्यांनी आपला स्क्रीन बंद ठेवला आणि नुसतं ऐकून काम करायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी माझ्यासाठी लिहिलेली ईमेल मॅनेजरसाहेबांना गेली! पण हळूहळू जमलं. अडचण दुसरीच निघाली. आमच्या शिपिंगच्या प्रोग्रॅमपाशी आला की तो आवाज मुका व्हायचा. ताईंनी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा पिच्छा पुरवला, पण त्यांच्याकडून दुरुस्ती येईना आणि मुदत तर संपली.

सगळं ऑफिस नव्या सिस्टिमवर गेलं, एक कॉम्प्युटर सोडून. रशीदभाईंचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर ताईंनी तसेच ठेवले. आमचे मॅनेजर नबीलसाहेब भडकले. नव्या स्क्रीनच्या खरेदीसाठी मी तेव्हा त्यांच्या केबिनमध्येच होतो.

"तो एक का राहिला?"

"त्याची तयारी झालेली नाही," ताई म्हणाल्या.

"कारण?"

"कारण मला माहीत आहे, सर. पण ते सांगायचा हक्क माझा नाही."

"मग हेड ऑफिसला मी तुमचं नाव कळवतो."

"कळवा," ताई शांतपणे म्हणाल्या.

केबिनचं दार उघडंच होतं. बाहेर रशीदभाई उठले, आत आले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले. नबीलसाहेबांनी ताईंना विचारलं, "दुरुस्ती आली, तर हे काम करू शकतील?"

"त्यांच्या शेजारी बसून बघा, सर. मी तेच केलं."

दुरुस्ती आली. साहेब खरोखरच रशीदभाईंच्या शेजारी जाऊन बसले. कानात इअरफोन घालून रशीदभाईंनी एक कागद पुरा केला. "यल्ला, चला, चालू द्या," साहेब म्हणाले. यार्डात जाऊन कंटेनर तपासायचं काम मात्र रशीदभाईंकडून काढून घेतलं गेलं, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं. पण कागदपत्रं आजही तेच करतात. ही हकीकत अंकात छापू का, असं मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "छापिए. बस मॅडम का नाम बड़े अक्षरों में रखिए."

ताईंच्या अजमानच्या घरी गेलं की त्यांचे यजमान श्रीरंगराव चहा पुढे करत म्हणतात, "मिक्सर बिघडला की आमच्याकडे सण असतो." माझी मुलगी एरवी पाहुण्यांकडे गेली की फोनमधून डोकं वर काढत नाही. तिथे मात्र ताईंनी तिला विचारलं, "तुझ्या फोनमधला हा वाचून दाखवणारा आवाज मराठीत जोडाक्षरांवर का अडखळतो, सांग बरं?" ती "आय डोन्ट नो, आजी," म्हणाली. "मलाही माहीत नाही. बस, शोधू," ताई म्हणाल्या. निघायला आम्हाला बराच उशीर झाला.

हल्ली शनिवारी सकाळी त्या मंडळाच्या हॉलमध्ये नजर मंदावलेल्या ज्येष्ठांना बोलणारा फोन वापरायला शिकवतात. मंडळातले आहेत, मंडळाबाहेरचेही आहेत. पुढच्या आठवड्यापासून एक अरबी आजोबा येणार आहेत, म्हणून ताईंनी अरबी मुळाक्षरं गिरवायला घेतली आहेत.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्या आयुष्यात रोज सकाळी काहीतरी असं समोर येवो, ज्याचं उत्तर त्यांना अजून ठाऊक नाही.