खाट हलली की डॉक्टर बदलतो

आमच्या हॉस्पिटलात पूर्वी डॉक्टर पेशंटच्या मागे फिरायचा. माझे पेशंट चारही मजल्यांवर विखुरलेले असायचे आणि मी पायाला भिंगरी लावल्यासारखा जिने चढत-उतरत असायचो. नर्स शोधून थकायच्या, नातेवाईक खवळायचे, घरी सोडायचा माणूस एका सहीसाठी संध्याकाळपर्यंत ताटकळायचा. मग नियम आला: एक डॉक्टर, एक वॉर्ड. पेशंटची खाट हलली की त्याचा डॉक्टर बदलणार. मला खालचा मेडिसिन वॉर्ड मिळाला. नियम चांगला होता, आजही चांगलाच आहे. त्याला मनसोक्त शिव्या घालायचीही सोय नाही, याचाच मला जास्त राग येतो.

त्याच सुमारास नेसरीकडचे एक आजोबा माझ्या वॉर्डात आले. साखरेच्या आजारानं पायाची बोटं काळी पडलेली. आवाज असा, की घरच्या म्हशींची चौकशी करायचे ती सगळा वॉर्ड ऐकायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पावणं, बोटं कापायची गोष्ट काढायची न्हाय." आमच्याकडं अनोळखी माणूस म्हणजे पावणं.

राऊंड संपला की मी रोज त्यांच्या खाटेवर टेकायचो. म्हशींबद्दल बोलायचो, मधूनच पायाबद्दल. हळूहळू पावण्याचा लेक झाला. एका दुपारी ते आपणहून म्हणाले, "लेका, काप जा बोटं. पर वर नेतील तवा तू बी यायचं. तू आल्याबिगर मी सुरी लावू देणार न्हाय."

"येतो की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या सर्जरी वॉर्डात खाट रिकामी झाली आणि त्यांना नेलं. मी जिन्याकडं निघालो तोच माझ्या वॉर्डातल्या एका बाईंना श्वास घेता येईना. त्यांना सोडून कुठं जाणार? त्या सावरल्या तर शेजारच्या खाटेवर दुसरं काही. पूर्वी मी कुणाला तरी हाक मारून वर पळालो असतो. आता जो तो आपापल्या वॉर्डाला बांधलेला. वरच्या डॉक्टरबाईंना फोन केला, "त्यांना सांगा, मी येतोय." त्यांनी सांगितलं. बाई भल्या होत्या, त्यांनी समजूतही घातली. पण आजोबांचं एकच पालुपद, "माझा डाक्टर खाली हाय, त्यो येतोय." ऑपरेशनची वेळ टळून गेली.

मी वर पोचलो तेव्हा खाटेवरची चादर बदलत होते. त्यांचा मुलगा स्वतःच्या जबाबदारीवर सही करून त्यांना घरी घेऊन गेला होता. "लई वाट बघितली हो सर त्यांनी," सिस्टर म्हणाल्या. नंतर मी मुलाला पुन्हा पुन्हा फोन केले. "म्हातारा ऐकत न्हाय," एवढंच तो सांगायचा.

काही आठवड्यांनी त्यांना परत आणलं. काळेपणा गुडघ्याच्या वर गेलेला, विष रक्तात भिनलेलं, अंगात ताप. आता कापूनही उपयोग नव्हता. खाट मात्र माझ्याच वॉर्डात मिळाली. नियमाप्रमाणे ते पुन्हा माझे पेशंट झाले होते.

मी त्यांचा हात हातात घेतला. हात भाजत होता. म्हणालो, "आजोबा, मी आलोय."

त्यांनी डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. त्यांचा तो दणदणीत आवाज पार खोल गेला होता.

"पावणं, आमचा डाक्टर कुठं दिसला का वो?"

"मीच की, आजोबा."

त्यांनी मान हलवली. "न्हाय. त्यो वर येणार हुता."