राखणदाराची विडी

मंडळी, पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीच्या सीमेवर राखणदार देवाचा दगड आहे. आज त्याला नारळ द्यायचा मान माझ्या घराचा होता.

विडी सुटून बरीच वर्षं झाली, पण जाताना एम्फिसीमा, फुफ्फुसांचा दम लागणारा आजार, देऊन गेली. दम आवरायला ओठ आवळून श्वास सोडत, बसत-उठत चढलो. पोचलो मात्र स्वतःच्या पायांनी, याचंच समाधान.

नारळ फुटला. आता विडी. आमच्याकडे मानकऱ्यानं एक झुरका मारून ती पेटवायची आणि देवापुढे ठेवायची. तंबाखूचा वास आला नि माझा हात आपसूक ओठांकडे गेला.

"एका झुरक्यानं काय होत नाय रे," चुलतभाऊ दादा म्हणाला.

"सुरुवात एकानंच झाली होती, दादा."

मी विडी तशीच दगडापुढे ठेवली, शेजारी काडेपेटी ठेवली. "तुझी तू पेटवून घे, महाराजा. मला पुढच्या वर्षी पण चढून यायचं हाय."

मग दादानं कानावरची विडी काढून तीही तिथंच ठेवली.

उतरताना पाहिलं, तोही ओठ आवळून श्वास सोडत होता.

तुमच्या वाडीत ही विडी कोण पेटवतं? त्याला दम लागतो का, कधी विचारलंत?